नाते नसल्याची सही

रहिमतपूरच्या राहीबाई, राहीबाईंची लेक सोनूबाई, सोनूबाईंची लेक पद्मा, आणि पद्माची लेक स्वानंदी. पुरुषांच्या वंशावळी भिंतीवर टांगण्याची रीत आहे. बायकांची वंशावळ कोणी टांगत नाही, म्हणून ती येथे आधीच सांगून ठेवली. राहीबाईंना एकच मुलगी. तिला त्यांनी गावाबाहेर दिले नाही. शेजारच्या आळीत दिले आणि जावयाला स्पष्ट बजावले की, मुलगी तुमची, पण मी हाक मारली की यायला हवी. सोनूबाईंना पद्मा झाली त्याच आठवड्यात पलीकडच्या घरी बाबालाल मणेरांना मुलगा झाला. त्या बाळंतिणीला ताप भरला, दूध आटले आणि मूल रडून रडून निळे पडू लागले. राहीबाई मणेरांच्या उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांनी ते मूल उचलून आणले आणि लेकीच्या दुसऱ्या मांडीवर ठेवले. "एक न्हाई, दोन झाली असं समज," एवढेच त्या म्हणाल्या. राहीबाईंनी सांगितल्यावर कोणी प्रश्न विचारीत नसे.

तो मुलगा, चांदसाहेब, असा सोनूबाईंच्या दुधावर वाढला. पुढे त्याने वडिलांचे बांगड्यांचे दुकान चालवले, अख्तरबीशी निकाह केला, घर स्वतःच्या नावावर करून घेतले. परंतु भाऊबीज आली की तो दुकानाला कुलूप लावी आणि औंध, विटा, तासगाव अशा गाड्या बदलत पद्माच्या सासरी कवठे महांकाळला जाई. पद्माला दुसरा भाऊ नव्हता. ती पाटाभोवती रांगोळी काढून वाट पाही. ओवाळून झाले की चांदसाहेब ताटात पैसे टाकीत नसे. कागदात गुंडाळून आणलेल्या काचेच्या बांगड्या काढून तो स्वतःच्या हाताने बहिणीला भरी.

"मणेराची भन हाय. दुसऱ्याच्या हातनं बांगडी भरलीस तर माझी अब्रू जाईल," असे तो दर वर्षी म्हणे.

"अब्रू राहू दे, दोन जास्तीच्या घाल," असे पद्मा दर वर्षी म्हणे.

स्वानंदीचा मामा म्हटला तर तो हाच. मामा याहून वेगळा असू शकतो, हे तिच्या गावीही नव्हते.

१९९२ साली स्वानंदी बारावीला तालुक्यात पहिली आली आणि सांगलीला अभियांत्रिकीला तिला प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाल्यावर तिचे वडील आप्पासो शेटे भाड्याने चालवीत असलेल्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. फी, वसतिगृह, खानावळ, पुस्तके, ड्रॉइंगचे सामान. हा खर्च गिरणीच्या पट्ट्यावरून निघणारा नव्हता. येणारा जाणारा मात्र खात्रीने सांगे की, हुशार पोरांना मदत मिळतेच मिळते. कोठे मिळते, हे विचारले की प्रत्येकाचे बोट वेगळ्या दिशेला जाई.

शाळेतल्या गुरुजींनी सांगितले, ईबीसीची सवलत घ्या, फी माफ होईल. त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. स्वानंदी वडिलांना घेऊन तलाठ्याकडे गेली.

"सात-बारा आणा," तलाठी म्हणाला.

"जमीन न्हाई आमाला," आप्पासो म्हणाले.

"जमीन नाही, तर उत्पन्न कशाचे?"

"गिरणीचं."

"गिरणी तुमची?"

"भाड्याची."

"मग ते उत्पन्न मालकाचे झाले, तुमचे नव्हे."

स्वानंदीने विचार केला. "म्हणजे आमचं उत्पन्न शून्य धरा, साहेब."

"शून्याचा दाखला देता येत नाही, पोरी. शून्यावर माणूस जगत नाही. मग तुम्ही जगता कसे, हे मला लिहावे लागेल."

चार खेपा झाल्या तेव्हा दाखला मिळाला आणि फीचा प्रश्न सुटला. राहण्याजेवण्याचा उरला. त्यासाठी ती बँकेत गेली. तेथे साहेबांनी आपुलकीने खुर्ची दिली आणि विचारले, "तारण काय ठेवणार?" तारण ठेवण्याजोगे काही घरात असते, तर आपण या खुर्चीवर कशाला बसलो असतो, असे तिच्या मनात आले. एका कचेरीत तिला गरीब असल्याचे सिद्ध करावे लागले होते आणि दुसरीत श्रीमंत असल्याचे. दोन्ही पुरावे एकाच पिशवीत घेऊन फिरताना आपण नेमके कोण आहोत, हेच तिला उमगेनासे झाले.

शेवटी कवठ्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांनी सांगलीच्या एका निधीचे नाव सांगितले. हळदीच्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वी काढलेला तो निधी गरजू विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज देई. नोकरी लागल्यावर हप्त्यांनी फेडायचे. अट एकच होती. स्वतःच्या नावावर घर असलेला एक जामीनदार हवा.

ही एक अट कवठ्यात डोंगराएवढी निघाली. त्याच साली एका पतसंस्थेने थकलेल्या कर्जांपायी जामीनदारांच्या दारात नोटिसा लावल्या होत्या. त्यामुळे जामीन हा शब्द काढला की माणसे घरात जात. काही जण चहा घ्या म्हणत. पण चहा येण्याआधी विषय निघाला, तर चहाही येत नसे. मग पद्माने रहिमतपूरला निरोप धाडला. चांदसाहेबाने उलट निरोप पाठवला की, सांगलीलाच थेट येतो, घरपट्टीची पावती घेऊन.

निधीची कचेरी एका वखारीच्या माडीवर होती. खाली हळदीची पोती, वर पायरीपायरीवर पिवळी धूळ. पद्मा, स्वानंदी आणि चांदसाहेब असे तिघे वर गेले. चिटणीस नानासो आवटी पांढरी टोपी घालून, कपाटाला पाठ लावून बसलेले. त्यांनी स्वानंदीचे गुण पाहिले, दाखला पाहिला, घरपट्टीची पावती उजेडाला धरून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"चांदसाहेब बाबालाल मणेर, रहिमतपूर. घर स्वतःचे, बोजा नाही. उत्तम." मग केवळ रिवाज म्हणून त्यांनी विचारले, "मुलीचे आणि आपले नाते?"

"मामा," चांदसाहेब म्हणाला.

आवटींनी चष्मा काढला. "मामा म्हणजे, पोलिसाला मामा म्हणतात तसे."

"मी काय पोलीस हाय व्हय? सख्खा मामा."

आवटींनी पद्माच्या कुंकवाकडे पाहिले, चांदसाहेबाच्या दाढीकडे पाहिले आणि पुन्हा अर्जावरची दोन्ही नावे वाचली. "सख्खा कसा होईल?"

"आमी दोगं एका आईचं दूध प्यालोय. आमच्यात दूध प्यालं की नातं लागतं, साहेब. निकाहसुदिक होत न्हाई त्यात. कुनालाबी इचारा."

"मी कशाला विचारू? तुम्ही सांगता ते मला मान्य आहे," आवटी खिन्नपणे म्हणाले. "आणि मान्य आहे म्हणूनच अडचण आहे. आमचे कलम सात." त्यांनी छापील कागद पुढे ओढून मोठ्याने वाचले. "जामीनदाराने लिहून द्यावे की, अर्जदाराशी माझे कोणत्याही प्रकारचे नाते नाही, व कर्ज पूर्ण फिटेपर्यंत असे नाते मी ठेवणार नाही."

"असलं कलम कुणी घातलं?" पद्माने विचारले.

"संस्थापकांनी. एका मामाने भाचीला जामीन दिला होता. वसुलीला गेलो, तर भाची म्हणे मामा देईल. मामा म्हणे हा आमच्या घरातला मामला, तुम्ही मध्ये पडू नका. मग परके जामीनदार घेऊ लागलो. तर एकाने वर्ष उलटायच्या आत आपल्या मुलाचे लग्न अर्जदाराच्या बहिणीशी लावून दिले आणि तोही घरातलाच झाला. तेव्हा ते शेवटचे वाक्य वाढवले." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "आज मुदत संपते. पाचला मी कपाट बंद करतो. दुसरा जामीनदार असेल, तर आणा."

दुसरा नव्हताच. तिघे खाली येऊन पोत्यांच्या थप्पीशेजारी उभे राहिले.

"एका सहीचा तर प्रश्न हाय," पद्मा म्हणाली. "लिहून टाक."

"खोटं लिहू?"

"बघायला कोण येतंय?"

"म्या बघतुय की." चांदसाहेबाने टोपी काढून झटकली, झटकण्याजोगे तिच्यावर काही नव्हते. "सोनाई गेली तवा तिचं डोकं माझ्या मांडीवर हुतं, पद्मा. तुझ्या न्हाई, माझ्या. आन मी लिहून देऊ की ही पोरगी माझी कुनी न्हाई?"

  स्वानंदी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. तलाठ्याला उत्पन्न हवे होते, बँकेला तारण हवे होते, आणि येथे जे हवे होते ते त्यांच्याकडे नको तितके होते. नात्याने आजवर कोणाचे काही अडल्याचे तिने ऐकले नव्हते.

"राहू दे, मामा," ती म्हणाली. "कवठ्याला बी.ए.ला नाव घालते. घरचं जेवण, घरचं अंथरूण. खर्चच न्हाई."

 चांदसाहेबाने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि तो एकटाच जिना चढून गेला. स्वानंदी त्याच्या मागोमाग अर्ध्या जिन्यापर्यंत गेली.

"ते शेवटलं वाक्य परत वाचा," तो वर म्हणत होता.

आवटींनी वाचले.

"म्हंजे कर्ज फिटेपर्यंत. फिटल्यावर?"

"फिटल्यावर कलम लागू नाही. मग मामा व्हा, नाहीतर आजोबा व्हा."

"आन फिटेपर्यंत?"

"फिटेपर्यंत नाही."

"अजाबात न्हाई?"

"मणेर, जे छापले आहे ते मी वाचले. त्याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा."

 मग दौतीचे झाकण वाजले.

चांदसाहेब खाली आला, तेव्हा पद्मा हसून म्हणाली, "झालं न्हवं? चल, आता खानावळीत जेवू. सकाळपासनं उपाशी हाईस."

"न्हाई, बाई. मला गाडी गाठायची हाय," तो म्हणाला. "तुमचं काम झालं. पोरगी हुशार हाय. हप्तं मातुर येळेवर फेडा."

पद्माला तो चेष्टा करतो आहे असे वाटले. त्याने तिला जन्मात कधी बाई म्हटले नव्हते. ती हसतच राहिली आणि तो स्टँडच्या दिशेने निघून गेला. एरवी तो मागे वळून पाहणारा माणूस. त्या दिवशी वळला नाही.

निधीचा पहिला हप्ता आला, स्वानंदी वसतिगृहात राहायला गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. भाऊबीजेला पद्माने रांगोळी काढली, पाट मांडला. तासगावची पहिली गाडी आली, दुसरी आली, रात्रीची मुक्कामी गाडीही आली. चांदसाहेब आला नाही. निरोपही आला नाही. "दुकानात गर्दी असंल," आप्पासो म्हणाले. पाट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसाच होता.

पुढे डिसेंबरात देशात ठिकठिकाणी जे पेटले, ते कवठ्यात पेटले नाही. पण लोकांच्या जिभा पेटल्या. गुंडा नावाचा एक माणूस दळणाचा डबा खाली ठेवता ठेवता पद्माला म्हणाला, "तुमचा रहिमतपूरवाला आला न्हाई म्हनं औंदा. आता कशाला येतोय. दिवस फिरलं, अक्का."

"तुझं दळण बाजरीचं का जोंधळ्याचं?" पद्माने विचारले.

"जोंधळ्याचं."

"मग जोंधळ्याचं बोल."

गुंडाला तिने असे वाटेला लावले. स्वानंदीच्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. सही करून देताना मामाला राग आला असेल का? की लोक म्हणतात तसेच काही असेल? वसतिगृहात मुलींच्या गप्पा चालत, तेव्हा ती पुस्तक उघडे ठेवून त्याच त्या पानावर बसून राही. संक्रांतीला चार दिवस सुट्टी मिळाली, तशी ती घरी न जाता सरळ रहिमतपूरला गेली.

संक्रांतीचे दिवस म्हणजे मणेराच्या दुकानात उभे राहायला जागा नसते. चांदसाहेब एका म्हातारीचे मनगट हातात धरून बसला होता. स्वानंदीला पाहताच त्याचा चेहरा उजळला. मग जणू काही आठवून त्याने तो आवरला.

"या, बसा," तो म्हणाला. "इकडं कुनीकडं?"

"मामा, तुम्ही भाऊबीजेला आला न्हाई."

दुकानातल्या बायका ऐकू लागल्या. चांदसाहेबाने म्हातारीच्या हातात एकेक बांगडी चढवत शांतपणे विचारले, "सहामाहीला मार्क किती पडलं?"

"पंच्याहत्तर टक्के. पण तुम्ही..."

"जामीनदार हाय मी. जामीनदाराला इचारायचा हक्क हाय. गणितात?"

"ब्याऐंशी."

"ड्रॉइंगला?"

"साठ."

"ड्रॉइंगला कमी हाईत," जामीनदार कठोरपणे म्हणाला. "लक्ष द्या."

स्वानंदीचे डोके चालेना. हा माणूस तिला ओळखत होता, तिच्या गुणांची चौकशी करीत होता, आणि तिला अहो-जाहो करीत होता. तेवढ्यात आतल्या दारातून अख्तरबी बाहेर आली, तिने स्वानंदीचा दंड धरला आणि तिला सरळ आत नेऊन ताटावर बसवले.

"जेव."

"मामी, मामांना झालंय काय?"

"तुला मामा न्हाई. मामी हाय," अख्तरबी म्हणाली. "कागदावर सही त्यांनी केलीया, मी केली न्हाई. मी मामी हुते, मामी हाय, मामी राहनार. चटणी घे." मग ती समोर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सांगलीवनं आले ते जेवलं न्हाईत. म्हनाले, लिहून दिलं की नातं न्हाई. आता नातं ठेवलं, तर लिहिलेलं खोटं ठरतंय. खोटी सही करनारा माणूस म्हनून मरायचं न्हाई मला. तवा कर्ज फिटेस्तवर नातं न्हाई. म्या म्हनलं, आवं, समदी अशीच सह्या करत्यात. तर म्हनत्यात, समद्यांनी सोनाईचं दूध प्यालंय का?"

स्वानंदीच्या हातातला घास हातातच राहिला. मामाने नाते तोडले नव्हते. नाते नाही हे त्याने लिहून दिले होते, आणि लिहिलेले खरे ठरावे म्हणून तो नात्याशिवाय जगत होता. हसावे की रडावे, हे तिला ठरवता येईना. जाताना ती दुकानात थांबली. चांदसाहेबाने मान वर केली नाही.

"परीक्षा झाली की येऊन सांगा," तो म्हणाला. "जामीनदाराला कळवावं लागतंय."

पद्माने हे ऐकले, तेव्हा ती प्रथम हसली आणि मग संतापली. "दूध माझ्या आईचं, आन भितो व्हय छापील कागदाला? आई असती तर कागद फाडून त्याच्या टोपीत घातला असता." तिने निरोप धाडला की, मुकाट्याने ये. उत्तर आले की, बाई, लिहून दिलंय. तेव्हा पद्मानेही ठरवले. पुढच्या भाऊबीजेला तिने पाट मांडला नाही. ज्या बायकांना भाऊ नसतो, त्या चंद्राला ओवाळतात. ती अंगणात गेली, बीजेची कोर शोधली आणि ताट तिच्यापुढे धरले. शेजारणी पाहत होत्या. पद्माने कोणाकडे पाहिले नाही.

वर्षे गेली. दर सहामाहीला वसतिगृहाच्या फाटकाशी एक दाढीवाला माणूस येई. पहारेकरी विचारी, कोण आपण? तो सांगे, जामीनदार. स्वानंदी बाहेर येऊन गुण सांगे, तो ऐकून घेई, एखाद्या विषयावर नाराजी दाखवी आणि निघून जाई. बांगड्या, बोरे, शेंगांची चिक्की, पूर्वी मामा आणी त्यातले काहीही तो आणीत नसे. फक्त एकदा तिला ताप आला होता तेव्हा त्याने बराच वेळ फाटकाची कडी धरून ठेवली आणि म्हणाला, "अर्जदारानं तब्येतीला जपावं. तसं कलम नसलं तरी."

स्वानंदी इंजिनिअर झाली आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या कारखान्यात लागली. पहिल्या पगारापासून ती सांगलीला पैसे धाडू लागली. ठरलेल्या हप्त्याच्या दुप्पट धाडी. स्वतः दोन साड्यांवर दिवस काढी. आप्पासो म्हणत, पोरी, अंगावर नीट कपडा घे. ती म्हणे, घेते, जरा थांबा. शेवटचा हप्ता घेऊन ती स्वतः वखारीचा जिना चढली, तेव्हा १९९८ ची दिवाळी तोंडावर आली होती. आवटी अधिक वाकले होते, टोपी तीच होती.

"इतकी घाई कशाला केलीत?" त्यांनी विचारले. "बिनव्याजी कर्ज. सवडीने फेडायचे. आमचे निम्मे विद्यार्थी तर अजून..."

"माझा मामा अडकून पडलाय, साहेब."

आवटींना काही कळेना. तिने सगळे सांगितले. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कपाटातून जुना कागद शोधून त्यांनी त्यावर तांबड्या शाईची तिरकी रेघ ओढली.

"कलम सात," ते म्हणाले, "आम्ही कितीजणांकडून लिहून घेतले, देव जाणे. कोणी पाळीत असेल, असे आमच्या मनातही आले नव्हते." थोडे थांबून ते म्हणाले, "मी त्यांना म्हटले होते, अर्थ तुमचा तुम्ही लावा. त्यांनी जरा फारच लावला."

तो कागद स्वानंदीने घरी नेला नाही. रहिमतपूरला जाऊन तिने तो चांदसाहेबाच्या हातात दिला. त्याने तांबडी रेघ बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि विचारले, "पैसा राहिला न्हाई न्हवं एकबी?"

"न्हाई."

"मग कवा आलीस, स्वानंदे? जेवलीस का?"

भाऊबीजेच्या दिवशी तासगावच्या पहिल्या गाडीने तो कवठ्याला उतरला. काखेत पत्र्याची पेटी होती. पद्मा दारात उभी होती. गाडीची वेळ तिला ठाऊक होती, हे तिने मान्य केले नसते.

"कोण पाहिजे?" तिने विचारले. "गिरणी पलीकडच्या अंगाला हाय. दळण आणलंय का?"

"पद्मा, कर्ज फिटलं."

"तुमचं जामिनाचं असंल. माझं राहिलंय. सहा भाऊबीजा झाल्या. कुठं हुता?"

"खोटा पडू नये म्हनून गप हुतो."

"आन मी अंगणात हुबी राहून आभाळाला ओवाळत हुते. बायका खिडकीतनं बघत हुत्या माझ्याकडं."

चांदसाहेबाने पायरीवरच पेटी उघडली. आत कागदात गुंडाळलेले सहा जुने पुडे होते आणि वर एक नवा. दर दिवाळीला, माल आला की पहिला डझन त्याने बाजूला काढून ठेवला होता. एकात हिरव्या साध्या, एकात सोनेरी टिपक्यांच्या, एकात गेल्या साली निघालेल्या दुरंगी. "सातवा नवा हाय, औंदाचा," तो म्हणाला. "पर आदी जुनं."

पद्माने पुड्यांकडे पाहिले. मग ती आत गेली आणि पाट आपटल्यासारखा मांडला. रांगोळी तिने पहाटेच काढून ठेवली होती. तिने त्याला कुंकू लावले, ओवाळले, आणि दोन्ही हात पुढे केले.

सहा वर्षांत पद्माचे हात जाड झाले होते. स्वानंदी शिकत होती, तेव्हा गिरणीवर जाऊन तिनेच डबे उचलले होते. चांदसाहेबाने मात्र सगळ्या बांगड्या जुन्याच मापाच्या ठेवल्या होत्या. नवे माप घ्यायला त्याला नाते नव्हते. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली.

"राहू द्या, पाव्हणं. मोठ्या मापाच्या आणा पुढच्या खेपेला," आप्पासो म्हणाले.

"देणं हाय ते ह्याच मापाचं हाय," चांदसाहेब म्हणाला. "स्वानंदे, साबन आन."

स्वानंदीने साबण आणि तांब्या आणला. चांदसाहेबाने बहिणीचा हात भिजवला, बोटे जुळवून दाबली, अंगठा आत वळवला आणि एकेक बांगडी चढवू लागला. हिरव्या चढल्या. टिपक्यांच्या चढल्या. "दुखतंय," पद्मा म्हणाली. "दुखनारच. इतक्या दिसांचं हाय," तो म्हणाला. एक हात कोपरापर्यंत भरला तेव्हा त्याने दुसरा घेतला. त्याच्या कपाळावरचे कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळले, तरी त्याने हात सोडून पुसले नाही.

सहाव्या पुड्यातली शेवटची बांगडी मनगटावर उतरली, तेव्हा दुपार झाली होती. एकही पिचली नव्हती. पद्माने दोन्ही हात उजेडाला धरले, बांगड्या वाजवून पाहिल्या आणि पुड्यांचे सहा रिकामे कागद एकात एक घडी करून त्याच्यापुढे ठेवले.

"फिटलं," ती म्हणाली.